आधी सांगून आलेला आनंद

आमच्या घरात चांगली बातमी वाईट बातमीसारखी सांगतात. म्हणजे आधी समोरच्याला खाली बसवायचं. मग आवाज पाडून "तसं विशेष काही नाही, पण" अशी सुरुवात करायची, आणि बातमीचे तुकडे करून एक जेवणाआधी, एक जेवताना, एक भांडी घासताना असे वाटून द्यायचे. पप्पांना एसटी डेपोत बॅटरी विभागाचं प्रमुख केलं, तेव्हा त्यांनी ते अशा तोंडाने सांगितलं की मम्मीला वाटलं नोकरी गेली. ती ओढणी तोंडाला लावून मटकन बसली.

"अगं, बढती झालीय," पप्पा कुजबुजले.

"हळू बोला की. सुमेध आत आहे," मम्मी डोळे पुसत म्हणाली.

सुमेध म्हणजे माझा दादा. आणि मी श्रावस्ती जानराव, दहावी ब, बार्शी. माझा आवाज मुळातच मोठा. आमचे खो-खोचे घुगे सर म्हणतात की मी बार्शीत 'खो' दिला तर कुर्डुवाडीचा गडी उठून पळायला लागतो. गेल्या वर्षापर्यंत मात्र मी हजेरीलासुद्धा इतकी हळू ओ द्यायचे की बाई गैरहजेरी लावायच्या. यंदा संघाची कप्तान झाले आणि काय झालं कुणास ठाऊक, आवाज बाहेर आला तो परत आत जाईना. नेमकं त्याच वर्षी आमच्या घरात मोठ्याने आनंद व्हायची बंदी आली.

दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. खांबावरून सूर मारण्यात त्याच्यासारखा जिल्ह्यात कुणी नव्हता. एका हाताने खांब धरून तो असा आडवा पसरायचा की पळणाऱ्या गड्याला वाटायचं, हा अजून तिकडेच आहे. पुण्याला कॉलेजात असताना त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दुखण्यावर गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, दुखणं संपलं नाही, आणि होस्टेलवर कुणीतरी त्याला टिकली दिली.

टिकली म्हणजे दिसायला अगदी कपाळावर लावतात तशीच, लाल, गोल. फक्त ती जिभेखाली ठेवायची. बायकांच्या टिकल्यांच्या पाकिटातच विकायचे, त्यामुळे कुणाला संशय येत नसे. दादा सुट्टीला घरी आला की त्याच्या बॅगेत मम्मीला ती पाकिटं सापडायची. तिला वाटलं, पोराचं कुठेतरी जुळलंय. ती महिनोन्‌महिने गालात हसत राहिली. मग एकदा त्याला वसतिगृहातून स्ट्रेचरवर आणलं. त्या दिवसापासून मम्मीने कपाळाला टिकली लावलेली नाही. घरात ते पाकीट दिसायलाच नको म्हणते.

दोन वेळा त्याला व्यसनमुक्तीला ठेवलं, दोन्ही वेळा तो परत टिकलीकडे गेला. तिसऱ्यांदा सोलापूरच्या एका केंद्रात डॉ. नगमा बागवान यांनी त्याला लगाम बसवला. कागदावर त्याला लांबलचक नाव आहे, पण पेशंट, नर्स, वॉचमन सगळे लगामच म्हणतात. केसाइतकी बारीक तार कवटीतून आत जाते आणि मेंदूत खोलवर, शेंगदाण्याएवढ्या एका भागात थांबते. त्वचेखालून तिचा धागा मानेतून येतो आणि गळ्याच्या हाडाखाली काड्यापेटीहून छोट्या डबीला मिळतो.

बागवान मॅडमनी आम्हाला फळ्यावर डोंगर काढून दाखवले होते. काहीतरी भारी घडलं की मेंदूच्या त्या भागात डोपामिनची लाट उठते. परीक्षेचा चांगला निकाल, आवडत्या माणसाचा फोन, गरम भजी, प्रत्येकाची आपापली टेकडी. टिकलीची लाट मात्र टेकड्यांच्या शेजारी हिमालय. एकदा तो बघितला की टेकड्यांकडे मेंदू ढुंकून बघत नाही. लगाम ही लाट सतत मोजतो. तिने ठरलेली रेघ ओलांडली की तो उलटे विजेचे ठोके देतो आणि लाट जागेवर चिरडतो. मग टिकली जिभेखाली ठेवली काय आणि शर्टाचं बटण ठेवलं काय, सारखंच.

"पण रेघेला कळत नाही की लाट कशाची आहे," मॅडम म्हणाल्या होत्या. "तिला फक्त उंची कळते. आणि नुकत्याच सुटलेल्या माणसाचा मेंदू फार हळवा असतो. कधी कधी साध्या आनंदाची लाटसुद्धा रेघ ओलांडेल."

ते वाक्य आम्ही ऐकलं आणि सोडून दिलं. पोरगं जिवंत होतं. आनंदाचं पुढचं पुढे बघू म्हणालो.

*

पुढचं आलं ते हलगी वाजवत आलं. करमाळ्याला आम्ही उपांत्य सामना जिंकलो. संघातल्या पोरी मला न सांगता, हलगीवाला घेऊन, गुलाल उधळत थेट आमच्या दारात. सगळ्यांत पुढे किमया, माझी मैत्रीण. ती म्हणाली, "बोलवा सुमेधदादाला, त्याचीच शिकवण आहे ही."

दादा बाहेर आला. गुलालातली मी, हलगी, पोरींचा आरडाओरडा. त्याचं तोंड उजळलं. खरंच सांगते, लोडशेडिंग संपून दिवे येतात तसं. त्याने धावत येऊन मला कमरेला धरून उचललं, अगदी मी पहिलीत असताना उचलायचा तसं, आणि तो हसला. मोठ्याने. दोन वर्षांनी.

आणि हसता हसता थांबला. मला उचललेले हात एकदम ढिले पडले. त्याने मला खाली ठेवलं, टाकलं नाही, पण पोतं ठेवतात तसं ठेवलं. चेहरा बंद झाला. तो वळला, आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

"काय झालं गं? माझं काही चुकलं का?" किमया विचारत होती. हलगीवाला अजून वाजवतच होता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

लगामाने लाट अशी चिरडली की त्याला आम्ही 'कट' म्हणतो. कट पडला की पुढचे एक-दोन दिवस दादा राखाडी असतो. हा शब्द त्याचाच. विचारलं तर बोलतो, ताटात वाढलं तर जेवतो. पण पिठलं आहे की श्रीखंड, त्याला फरक पडत नाही. "दुखतं का?" मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "दुखलं असतं तर बरं झालं असतं."

सोलापूरला गेलो तर मॅडम म्हणाल्या, "फेरतपासणी जवळ आली आहे. तोपर्यंत कट कमी पडले तर मी रेघ थोडी वर सरकवीन. मग तो घरच्यांत हसू शकेल, दमून आल्यावर चहा त्याला चहासारखा लागेल. पण कट पडत राहिले तर रेघ वर नेण्यात धोका आहे. असं घाईने केलेले दोन पेशंट टिकलीकडे परत गेले. त्यांतला एक राहिला नाही."

पप्पांनी परतीच्या बसमध्ये ठरवून टाकलं. कट पडू द्यायचा नाही. म्हणजे आनंद होऊ द्यायचा नाही.

मग काय, लागलो कामाला. टीव्हीवरचे हसायचे कार्यक्रम बंद. आत्याच्या मुलीच्या लग्नाचं निमंत्रण आलं, पप्पांनी पाठ दुखायला लावली. मामा फार विनोदी, म्हणून मामाला यायची बंदी. मम्मीने पुरणपोळी करणं सोडलं, कारण दादाला ती फार आवडायची. मी बाथरूमचा नळ सोडून हसायचे. एकदा इतकी हसले की टाकी रिकामी झाली. शाळेने मला वर्षातली उत्कृष्ट खेळाडू म्हणून पदक दिलं, ते मी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं. आम्हाला वाटत होतं, आपण केवढं प्रेम करतोय.

*

पदक दादालाच सापडलं. त्याने कुकर लावायला डबा उघडला होता.

मी शाळेतून आले तर ते ओट्यावर ठेवलेलं, तांदळाची पावडर पुसून. तो शेजारी उभा. त्याने बातमीचे तुकडेबिकडे काही केले नाहीत.

"सोमवारी सोलापूरला जातोय. सपाट करून घेतो."

माझ्या पाठीवरून दप्तर घसरलं. सपाट म्हणजे रेघ पार तळाला आणायची, कायमची. ज्यांचं काही केल्या सुटत नाही त्यांच्यासाठी ठेवलेला शेवटचा उपाय. मग लाटच उठत नाही. टिकलीची नाही, कशाचीच नाही. आणि मेंदूचा तो भाग वापराविना इतका आटतो की नंतर रेघ वर नेऊनही उपयोग होत नाही.

"तुला काय वेड लागलंय का?"

"श्रावू, मी काय बघत नाही का? मम्मी माझ्याकडे बघून हसत नाही. पप्पा बढती झाली तर घाबरतात. तू नळ सोडून हसतेस. मला पाण्याचा आवाज वेगळा आणि तुझा आवाज वेगळा कळतो."

"ते तुझ्यासाठीच ना."

"तेच म्हणतोय मी." त्याने पदक उचलून माझ्या हातात दिलं. "आधी मी टिकलीसाठी या घराचं वाटोळं केलं. आता टिकली सोडलीय तरी वाटोळंच करतोय. सपाट झालो की मला कशाने काही होणार नाही. मग तुम्ही हसा, लग्नाला जा, मामाला बोलवा. मी बसेन कोपऱ्यात. जेवीन, डेपोत काम करीन. चालतंय की."

"आणि तू?"

"मी काय? मी आत्तासुद्धा कुठे आहे?"

हे तो अगदी शांतपणे म्हणाला. मी भांडायची तयारी केली होती, पण शांत माणसाशी कसं भांडायचं? रविवारी आमचा अंतिम सामना होता, आमच्याच मैदानावर. सोमवारी हा जाणार. संध्याकाळी पप्पांना कळलं तेव्हा त्यांनी उठून चपला घातल्या, दारापर्यंत गेले, चपला काढल्या, परत येऊन बसले. मम्मी कणीक मळत होती, मळतच राहिली. त्या कणकेच्या पोळ्या रबरासारख्या झाल्या आणि आम्ही सगळ्यांनी त्या मुकाट्याने चावल्या. पोरगा सज्ञान आहे, सही त्याची चालते. आम्ही कोण त्याला सांगणार, की बाबा, दुःखी राहा पण जिवंत राहा?

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या खोलीत डोकावले तर तो फोनवर जुना व्हिडिओ बघत होता. त्याचाच राज्य स्पर्धेचा सामना, शेवटची पाळी, शेवटचा सूर. तो व्हिडिओ त्याने हजार वेळा तरी बघितला असेल. सूर मारून गडी बाद झाला, शिट्टी झाली, आणि दादाच्या ओठाचा कोपरा वर गेला. थोडाच. पण गेला.

मी श्वास धरून उभी राहिले. आता कट पडणार. पडला नाही. त्याने व्हिडिओ परत लावला. परत त्याच जागी कोपरा वर गेला. परत कट नाही.

मी गच्चीवर पळाले आणि बागवान मॅडमना व्हिडिओ कॉल लावला. त्या डबा खात होत्या.

"मॅडम, त्याला आनंद झाला आणि कट पडला नाही. दोनदा. असं कसं?"

"कशाने झाला?"

मी सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला.

"श्रावस्ती, डोपामिनला लोक सुखाचं रसायन म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. माकडांवर एक फार जुना प्रयोग आहे. माकडाला अचानक रस दिला की लाट उठते. मग असं केलं, आधी दिवा लावायचा, मग रस द्यायचा. काही दिवसांनी लाट दिव्यालाच उठायला लागली. रस मिळाला तेव्हा काही नाही. रस तितकाच गोड होता, माकड तो तितक्याच आवडीने पीत होतं. पण आता तो अपेक्षित होता. लाट सुखाची नसते, अनपेक्षिताची असते. जेवढं वाटलं त्याच्यापेक्षा किती जास्त मिळालं, ते ती मोजते."

"म्हणजे माहीत असलेला आनंद रेघेखालून जातो?"

"जाऊ शकतो. लहान लहान होऊन." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "बाळ, मी कसलीही हमी देत नाही. हे आम्ही कुणावर करून बघितलेलं नाही."

मला हमी नकोच होती. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घणासारखी वाजत होती. आम्ही उलटं करत होतो. आम्ही आनंद त्याच्यापासून लपवत होतो आणि लपवलेलं कधी ना कधी डब्यातून बाहेर येणारच. तेव्हा ते अचानकच असणार. घरभर आम्ही सुरुंग पेरून ठेवले होते आणि वरून चटया अंथरल्या होत्या.

मी खाली आले आणि दादाच्या पलंगावर मांडी घालून बसले.

"रविवारी काय होणार ते सांगते."

"सांगू नकोस. कट पडेल."

"आधी ऐक तर. सकाळी सातला घुगे सर येणार आणि म्हणणार, 'पोरींनो, नाश्ता केला का?' किमया म्हणणार, केला, आणि तिने केलेला नसणार. मग मैदानाला चुन्याच्या रेघा मारणार. मग नाणेफेक. ती मी हरणार, कारण मी नेहमी हरते."

तो भिंतीकडेच बघत होता. तसाच म्हणाला, "मग?"

त्या 'मग'साठी मी काहीही केलं असतं.

मग मी सांगत सुटले. पहिली पाळी आमचं संरक्षण, मी दुसऱ्या तुकडीत, एकेरी साखळी धरून, म्हणजे बसलेल्या पोरींमधून नागमोडी, पळणार. समोर अकलूजचा संघ, त्यातली ती उंच मुलगी डावीकडे वळताना खांदा पाडते, तो बघून मी उजवीकडे निघणार. शेवटच्या पाळीत मी खांबाजवळ बसणार आणि खो मिळाला की तुझा सूर मारणार. रोज दुपारी मी तीच गोष्ट सांगायची, रोज थोडी वाढवून. दादा आधी नुसता 'मग' म्हणायचा. मग 'मग'च्या मधे बोलायला लागला. "खांब एवढा घट्ट धरू नको. पकड घट्ट असली की शरीर खांबाकडे ओढतं. बोटं गुंतव फक्त." मग एकदा उठून दाराच्या चौकटीला धरून दाखवलंसुद्धा, आखडल्या गुडघ्याने. मी मम्मीला म्हटलं, तूपण सांग. ती दारात उभी राहून, परीक्षेला बसल्यासारखी, म्हणाली, "सुमेध, शनिवारी मी पुरणपोळी करणार आहे. शुक्रवारी डाळ निवडीन. गूळ आणलाय." शनिवारी तो दोन पोळ्या जेवला. कट नाही. मम्मी ओट्याकडे तोंड करून उभी होती आणि तिची पाठ हलत होती.

पण तेवढ्यावर गोष्टी सरळ झाल्या असत्या तर काय हवं होतं. त्याच संध्याकाळी पप्पांनी, न ठरवता, चहा पिताना डेपोत चार्जिंगला चुकून ट्रॅक्टर लावणाऱ्या एका माणसाचं काहीतरी सांगितलं आणि दादाला एकदम हसू फुटलं. कट. कप हातातून सुटला. पप्पा गुडघ्यावर बसून काचा गोळा करत राहिले आणि म्हणत राहिले, "चुकलं माझं बाळा, चुकलं."

दादा सपाट आवाजात म्हणाला, "बघितलंस? किती जण किती दिवस आधी सांगणार? रस्त्यावर कुणी भेटलं तर? पाऊस आला तर? सोमवारी जातोय मी."

"उद्या सामन्याला तरी येशील ना?"

"येतो म्हटलंय म्हणून येईन." मग म्हणाला, "एक भाग तू सांगितलाच नाहीस. हरलात तर?"

"तो भाग नाही गोष्टीत," मी म्हणाले. "हरणार नाहीच आपण."

*

रविवारी सगळं मी सांगितलं तसंच घडलं. घुगे सर नाश्त्याचं बोलले, किमया खोटं बोलली, मी नाणेफेक हरले. दादा दोरीच्या पलीकडे पप्पांशेजारी उभा होता, राखाडी, खिशात हात. पळताना माझं अर्धं लक्ष त्याच्याकडे. अकलूजच्या उंच मुलीने खांदा पाडला, मी उजवीकडे निघाले, आणि मला दादाचे ओठ हलताना दिसले. 'मग' म्हणत होता, की मला वाटलं, देव जाणे.

दुसऱ्या पाळीत किमयाने कुणाच्या स्वप्नात नसलेली गोष्ट केली. खो मिळाल्यावर ती पाय घसरून पडली आणि पडता पडता मागे हात टाकून तिने गडी मारला. मैदान उसळलं. मी वळून बघितलं तर दादा मान धरून खाली बसत होता. कट. आता पप्पा त्याला घरी नेणार, तो भिंतीकडे तोंड करणार, आणि उद्या सकाळची सोलापूरची बस.

शेवटची पाळी. आम्ही एका गुणाने मागे. त्यांचा शेवटचा गडी, तीच उंच मुलगी, खांबाला वळसा घालत होती. पाठीवर थाप पडली, 'खो', मी उठले, खांबात बोटं गुंतवली, घट्ट नाही, आणि पसरले. आयुष्यात कधी नव्हते एवढी लांब झाले मी. माझ्या बोटांना तिच्या टी-शर्टची हवा लागली. हवा. कापड नाही. मी मातीत तोंडावर पडले आणि शिट्टी झाली.

अकलूजच्या पोरी नाचत होत्या. आमच्या पोरी जिथे होत्या तिथेच बसल्या होत्या. मी उठलेच नाही. सामना हरल्याचं होतंच, पण मी दादाला गोष्ट सांगितली होती आणि गोष्ट खोटी निघाली होती. माझ्याकडे त्याला थांबवायला दुसरं काहीच नव्हतं.

चप्पल माझ्या नाकाजवळ येऊन थांबली. दादा आखडलेला गुडघा धरत धरत मातीत माझ्या शेजारी बसला. त्याचा चेहरा राखाडीच होता. आवाजही.

"तू सांगितला नाहीस तो भाग मी सांगतो," तो म्हणाला. "आता तू रडणार आहेस. बराच वेळ. नाकातून माती आणि शेंबूड एकत्र येणार."

मी रडायला लागले होतेच.

"मग सर येणार आणि म्हणणार, 'पोरींनो, जेवलात का?' मग तुला भूक लागेल आणि भूक लागली म्हणून स्वतःचा राग येईल. मला यायचा. उद्या अंग दुखेल. परवा तू सुराचा व्हिडिओ बघशील आणि तुला दिसेल की तू पाय अर्धी वीत आधी उचललास."

"उचलला?" मी मान वर केली.

"उचललास. बाकी सूर माझ्यापेक्षा चांगला होता."

मी नाक पुसलं. "तुला कट पडला ना मगाशी?"

"पडला. किमयाच्या वेळी." तो मातीत बोट फिरवत होता. "पप्पा म्हणाले घरी चल. आणि मी नको म्हणालो. श्रावू, आत काहीच नव्हतं, सगळं विझलेलं. तरी मला बघायचं होतं, खो तुला मिळतो का. राखाडीत मला कधी पुढचं बघायचं नसतं. आज होतं. का ते नाही सांगता येत. बहुतेक तू एवढं सांगून ठेवलं होतंस म्हणून."

मी दातांतली माती थुंकली.

"आता पुढचं हळू सांगतो," दादा म्हणाला, "आणि तू उडी मारायची नाहीस. उद्या सकाळी आपण सोलापूरला जाणार. तू शाळा बुडवणार. बससाठी मम्मी डबा देणार, तो आपण टेंभुर्णीच्या आधीच संपवणार."

"सोलापूरच्या वाटेवर टेंभुर्णी लागत नाही, दादा."

"मग वैराग. मधे बोलू नको. बागवान मॅडम विचारणार, सपाट करायचं ना? मी म्हणणार, नाही. त्या म्हणणार, मग रेघ वर नाही नेता येणार, कट पडलेत. मी म्हणणार, राहू दे आहे तिथेच. असेच कट खात राहणार मी. किती दिवस ते माहीत नाही. कधीकधी परत म्हणेन की सपाट करा. तेव्हा तुम्ही ऐकायचं नाही."

माझ्या छातीत काहीतरी उसळून घशापर्यंत आलं होतं. कित्येक आठवडे दाबून ठेवलेलं, नळ सोडून सोडून उरलेलं. ते बाहेर आलं असतं तर खरंच कुर्डुवाडीला ऐकू गेलं असतं. मी दोन्ही मुठींत माती घट्ट धरली. उडी मारली नाही. ओरडले नाही. त्याच्या ओठाचा कोपरा किंचित हलला, तो तसाच राहू दिला, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दोरीपलीकडे पप्पा उभे होते, यावं की येऊ नये अशा बेतात. घुगे सर आमच्याकडे येत होते, आणि ते काय विचारणार ते आम्हा दोघांना माहीत होतं.

"मग?" मी हळूच म्हणाले.